राख कुठे पुरायची, हे कोणी सांगावे?

(एका कृषी विस्तार अधिकाऱ्याकडून, आलापल्ली)



घरात चूल पेटली की दोन कामे मागे लागतात. एक सरपण आणण्याचे आणि दुसरे राख काढण्याचे. सरपणाची काळजी सारे घर करते. राख मात्र घरातली बाईच मुकाट्याने उचलते. थोडी भांडी घासायला ठेवते, थोडी वालाच्या वेलावर मावा पडला तर टाकते, उरलेली उकिरड्यावर नेते. पुढे ती शेणखताबरोबर शेतात जाते आणि प्रश्न मिटतो.

आता अशी एक चूल डोळ्यांपुढे आणा, की जिची राख हाताने उचलता येत नाही, उकिरड्यावर टाकता येत नाही, नदीत सोडता येत नाही, आणि जी विझलेली दिसली तरी शेकडो वर्षे विझत नाही. अणुभट्टी ही तशी चूल आहे. तिच्या राखेला शास्त्रज्ञ ‘किरणोत्सारी कचरा’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही आलापल्लीच्या सागवनातली माणसे. आमचे धान, आमचा मोह, आमचा तेंदूपत्ता. आम्हांला त्या राखेचे काय? पण आपल्याच राज्यात तारापूरला १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तयार झाली. ओळखीच्या कुणाला कर्करोगावर किरणांचे उपचार घ्यायला नागपूरला न्यावे लागले असेल, तर तिथल्या काही यंत्रांतही असाच पदार्थ वापरला जात आला आहे. राख सगळ्यांची आहे. शिवाय ती कायमची पुरण्यासाठी जगभर जी जागा शोधतात, तिची लक्षणे ऐका : कठीण, जुना, न भेगाळलेला खडक, भूकंप कमी, वस्ती विरळ. ही लक्षणे ऐकली की रानातल्या माणसाने कान टवकारावेत, हे बरे. आपल्याकडे कोणी असा बेत केला आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. उगाच घाबरू नका. मला सांगायचे आहे ते वेगळेच आहे. अशी राख कुठे ठेवावी याचा सल्ला देणारे मंडळ असते. त्या मंडळाच्या प्रमुखपदी कोण बसावे आणि त्याने कसे वागावे, हा आजचा विषय.

पण आधी माझीच एक गोष्ट सांगतो.

गमेक्झिनची पोती

मी नोकरीत नवा होतो. बी. एस्सी. कृषीची पदवी खिशात होती आणि आपल्याला सारे समजते असा भरवसा होता. त्या काळी धानावरच्या तुडतुड्यांना आणि लष्करी अळीला बीएचसीची भुकटी मारीत. आपले शेतकरी तिला गमेक्झिन पावडर म्हणत. १९९७ मध्ये देशात या औषधावर बंदी आली. ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकते, चाऱ्यातून जनावरात आणि दुधात उतरते, म्हणून ती बंदी होती. बंदी कागदावर आली, पण गुदामातली पोती कुठे जाणार?

वरून तोंडी हुकूम आला : खड्डा खणा आणि पुरून टाका. दुसऱ्या वर्षी आणखी एका गुदामातली पोती घेऊन मी जवळच्याच एका गावी गेलो. गावाबाहेर नाल्यापलीकडे पडीक जागा पाहून ठेवली होती. गडी बोलावले, पण गडी येण्याआधी गाव गोळा झाले. मी समजावून सांगितले, “काळजी करू नका. सहा फूट खोल पुरतो. काही होत नाही.”

पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, “काही होत नाही तर तुझ्या कॉटरच्या मागे पूर.”

आमच्या भागातली वडीलधारी माणसे साहेबालाही ‘तू’च म्हणतात. त्यात अनादर नसतो. पण त्या दिवशी मला ते बोल झोंबले. मी रागाने पोती परत नेली.

पुढे ठरले की गावात एक समिती नेमावी आणि तिने सांगावे त्याप्रमाणे करावे. मी म्हटले, समितीचा प्रमुख मीच होतो, कारण औषधाची माहिती मलाच आहे. तोच म्हातारा पुन्हा म्हणाला, “पोती तुझी, अन् पंचही तूच?”

या एका वाक्याने मला जे शिकवले ते कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. शेवटी शाळेतले गुरुजी प्रमुख झाले. नर्सबाई, गावचा पाटील, महिला मंडळाची एक बाई आणि तो म्हातारा असे सभासद झाले. मी फक्त विचारतील ती माहिती द्यायची. गुरुजींना औषधाचे काही ठाऊक नव्हते, म्हणूनच त्यांनी साधे साधे प्रश्न विचारले. पोते कुजले तर? नाल्याला पूर आला तर? ही भुकटी जाळून टाकता येते का? दुसरीकडे कुठे नेता येते का? समितीने सांगितले : पुरू नका. उंच जोत्याच्या पक्क्या खोलीत, नव्या प्लॅस्टिक पोत्यांत भरून, कुलूप लावून ठेवा. किती पोती आहेत ते ग्रामपंचायतीच्या वहीत लिहा. पुढे सोय होईल तेव्हा न्या. काही वर्षांनी नागपूरकडे अशा घातक कचऱ्याची सोय झाली आणि वहीतल्या आकड्याप्रमाणे एकूण एक पोते मोजून तिकडे गेले.

ही गोष्ट लहान आहे. पण मोठ्या राखेचा प्रश्नही नेमका असाच आहे.

ही राख असते तरी कशी?

अणुभट्टीत युरेनियमच्या कांड्या जळतात, म्हणजे धूर न होता फुटतात. काही काळाने कांडी निकामी होते. आपल्या देशात ती कांडी फेकून देत नाहीत. तिच्यातला कामाचा भाग रसायनांनी वेगळा काढतात. उरते ते अति जहाल पाणी. ते काचेच्या रसात मिसळून पोलादी डब्यांत ओततात. काच थंड झाली की जहाल द्रव्य तिच्यात अडकून बसते. हे डबे तारापूरला पक्क्या तळघरांत, हवेचा झोत खेळता ठेवून, काही दशके निववत ठेवतात. हातमोजे, फडकी, गाळण्या असा कमी जहाल कचरा कारखान्याच्या आवारातच काँक्रीटच्या चरांत ठेवतात. जहाल डब्यांसाठी खोल भूगर्भातली कायमची जागा आपल्या देशात अजून ठरलेली नाही.

हा जहालपणा कमी कसा होतो ते पाहा. समजा कणगीत सोळा पायली धान आहे, आणि दर तीस वर्षांनी त्यातले निम्मे आपोआप नाहीसे होते. तीस वर्षांनी आठ पायली, साठ वर्षांनी चार, नव्वद वर्षांनी दोन. सेसियम नावाचे द्रव्य या हिशेबाने चालते. दहा वेळा निम्मे झाले की हजारावा हिस्सा उरतो, म्हणजे तीनशे वर्षे लागली. शिवरायांच्या राज्याभिषेकापासून आपल्या आजोबांच्या काळापर्यंत सांभाळावे, इतका हा काळ. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मे होते. प्लुटोनियमला मात्र निम्मे व्हायला चोवीस हजार वर्षे लागतात. तेवढ्या काळात राज्ये, भाषा, नद्यांचे प्रवाह, सारे बदलते.

आणि मघाशी एक गोष्ट मी सांगितली नाही, ती इथे सांगितली पाहिजे. पोती परत नेली ती दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी, म्हणजे १९९७ मध्येच, दुसऱ्या एका गावाच्या कडेला मी सहा पोती खरोखर पुरली होती. कोणाला विचारले नाही, नकाशा काढला नाही. एक मोहाचे झाड खूण म्हणून लक्षात ठेवले. पुढे वादळात ते झाड पडले. नाल्याने काठ कापला. बावीस वर्षांनी मी ती जागा शोधायला गेलो तेव्हा तिथे दोन-तीन घरे झाली होती, एक हातपंप होता, आणि खड्डा कुठे होता हे मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. खड्डा मी स्वतः उभा राहून खणून घेतला होता. पंचवीस वर्षेसुद्धा झाली नव्हती, तरी माझी आठवण पुरली नाही. मग चोवीस हजार वर्षांची हमी कोणी कोणाच्या भरवशावर द्यावी?

भंगारातली राख

ही राख नेहमी अणुभट्टीच्या आवारातच असते असे नाही. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट असलेले एक जुने यंत्र वर्षानुवर्षे बंद पडून होते. आत काय आहे याची आठवण ठेवणारी माणसे निवृत्त झाली. २०१० च्या फेब्रुवारीत ते यंत्र लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. तिथे ते फोडले गेले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली; अंगावर भाजल्यासारखे डाग, केस गळणे, उलट्या. एका कामगाराचा मृत्यू झाला, काहींना गंभीर इजा झाली. तिथेही राखेची वही हरवली होती.

म्हणून घरातल्या मुलामाणसांना एक खूण सांगून ठेवा. पिवळ्या रंगावर मध्ये टिकली आणि भोवती पंख्यासारखी तीन पाती असे चित्र कोणत्याही डब्यावर, पेटीवर किंवा जड शिशाच्या भांड्यावर दिसले, तर हात लावू नका, घरी आणू नका, फोडू नका. लांब व्हा, इतरांना लांब ठेवा आणि पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला कळवा. भंगारवाल्यालाही ही खूण दाखवून ठेवा.

इंग्लंडात काय झाले

आता सल्लागार मंडळाकडे वळू. याचे चांगले उदाहरण इंग्लंडात आहे. तिथे वायव्येला कंब्रिया नावाचा डोंगराळ, मेंढपाळांचा मुलुख आहे. तिथेच सेलाफील्ड हे अणुकेंद्र आहे आणि देशातला बराचसा जहाल कचरा तिथे साठलेला आहे. या मेंढपाळांना किरणोत्सार काय चीज आहे ते चांगले ठाऊक. १९८६ मध्ये रशियाच्या बाजूला चेर्नोबिलची भट्टी फुटली. तिथले सेसियम ढगांबरोबर येऊन पावसातून त्यांच्या कुरणांवर पडले. काही डोंगरांवरच्या मेंढ्या तपासल्याखेरीज विकायच्या नाहीत असे बंधन आले. ते पूर्णपणे उठले २०१२ मध्ये! पावसाच्या एका सरीसाठी सव्वीस वर्षे बाजार बांधला गेला.

कचरा खोल पुरायचा विचार तिथे आधीपासून होता. अणुउद्योगाच्याच मालकीची एक कंपनी होती, तिने सेलाफील्डजवळचा खडक निवडला. चौकशी झाली. लोकांनी आणि भूगर्भशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आणि १९९७ मध्ये सरकारने त्या कंपनीला खोदकामाची परवानगी नाकारली. पोती ज्याची, पंचही तोच, हे तिथेही चालले नाही.

मग २००३ मध्ये सरकारने एक स्वतंत्र सल्लागार समिती नेमली. डझनभर सभासद होते. प्रमुख म्हणून नेमले गॉर्डन मॅकेरॉन यांना. ते अणुशास्त्रज्ञ नव्हते, अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी काम कसे केले, ते बघण्यासारखे आहे. पहिल्यापासूनच ‘खड्डा कुठे’ असे विचारले नाही. ‘काय काय करता येईल’ असे विचारले. पंधराएक पर्याय मांडले. अग्निबाणातून अंतराळात पाठवणे, बर्फाखाली ठेवणे, समुद्रतळाखाली पुरणे, असलेही सोडले नाहीत. एकेक पारखून बाजूला काढला. का काढला ते लिहून ठेवले. सभा लोकांसमोर घेतल्या, कागद उघडे ठेवले, गावोगावच्या माणसांना बोलावून ऐकले.

सारे गोडीगुलाबीने झाले असे नाही. २००५ मध्ये एका सभासदाला काढण्यात आले आणि दुसऱ्याने राजीनामा दिला. लोकांचे ऐकण्याच्या नादात शास्त्राला पुरेसे वजन दिले जात नाही, अशी त्या दोघांची तक्रार होती. ती तक्रार वृत्तपत्रांत छापून आली, वरिष्ठ सभागृहाच्या समितीनेही कान उपटले. प्रमुखाचे काम किती अवघड, ते इथे कळते. एका बाजूने शास्त्रज्ञ ओढतात, दुसऱ्या बाजूने लोक, तिसऱ्या बाजूने लवकर उत्तर हवे असलेले सरकार. त्यांतल्या कोणा एकाच्या बाजूला प्रमुख कलला की समितीचे वजन गेले.

जुलै २००६ मध्ये समितीने तीन गोष्टी सांगितल्या. एक : आजच्या ज्ञानाप्रमाणे खोल खडकात पुरणे हाच सर्वांत बरा मार्ग दिसतो. दोन : त्याला अनेक दशके लागतील, तोवर वरचा साठा नीट, मजबूत आणि राखणीत ठेवा. तीन : जागा लादू नका. जे गाव आपण होऊन पुढे येईल त्याच्याशी भागीदारी करा आणि ठराविक टप्प्यापर्यंत त्याला माघार घेण्याचा हक्क ठेवा.

तिसऱ्या सल्ल्याची परीक्षा लवकरच झाली. कंब्रियातल्या दोन तालुक्यांसारख्या परिषदांनी पुढे जायची तयारी दाखवली. पण ३० जानेवारी २०१३ रोजी कंब्रिया जिल्हा परिषदेच्या कारभारी मंडळाने सात विरुद्ध तीन मतांनी नकार दिला. काम तिथेच थांबले. सरकारला नव्याने आरंभ करावा लागला. मेहनत वाया गेली, असे काहींना वाटले. मला तसे वाटत नाही. ‘नाही’ म्हटल्यावर खरोखर थांबतात, हे एकदा दिसले की पुढे ‘हो’ म्हणणाऱ्यालाही धीर येतो.

फिनलंडात याचा पुरावा आहे. तिथल्या कायद्याप्रमाणे गावपरिषदेने नाही म्हटले तर सरकारला तिथे जागा करता येत नाही. युराजोकी गावाच्या परिषदेने २००० मध्ये मतदान करून होकार दिला आणि ओंकालो येथे चारशे मीटरहून खोल खडकात बोगदे खोदले गेले. स्वीडनमध्ये १९८५ पासून शास्त्रज्ञांचे एक स्वतंत्र सल्लागार मंडळ आहे. तिथे ओस्टहामरच्या परिषदेने २०२० मध्ये होकार दिला, २०२२ मध्ये सरकारने मान्यता दिली आणि २०२५ च्या आरंभी खोदकाम सुरू झाले. नकाराचा हक्क असलेल्या गावांनी होकार दिला, हे ध्यानात ठेवा.

आपल्या घरी

आपल्याकडे निव्वळ सल्ला देणारे, कचऱ्यापुरतेच असे स्वतंत्र मंडळ नाही. त्याच्या सर्वांत जवळचे म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. हे १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. भट्ट्या, इस्पितळांतली किरणयंत्रे, कचऱ्याचे साठे, सर्वांवर नजर ठेवणे आणि परवाने देणे हे त्याचे काम.

या मंडळाच्या प्रमुखपदी २००० ते २००५ या काळात आपले सुहास सुखात्मे होते. ते मुंबईच्या आयआयटीत यांत्रिकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि पुढे संचालक होते. सौरऊर्जेवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक देशभर शिकवले जाते. म्हणजे अणुखात्यात न वाढलेला, शिक्षकी पेशातला माणूस राखणदाराच्या जागी बसला. आमच्या समितीत गुरुजींना बसवले त्याची मला आठवण झाली. त्यांच्या आधी १९९३ ते १९९६ मध्ये ए. गोपालकृष्णन प्रमुख होते. त्यांच्या काळात १९९५ साली मंडळाने अणुकेंद्रांतल्या सुरक्षिततेच्या सुमारे १३० उणिवांची यादी तयार केली. पद सोडल्यावर ते याविषयी उघडपणे बोलत आणि लिहीत राहिले.

पण माणूस कितीही सरळ असला तरी त्याची बैठक कुठे मांडली आहे, हेही पाहावे लागते. हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होते, आणि आयोगाचा अध्यक्ष तोच अणुऊर्जा खात्याचा सचिव. ज्याच्या कामावर नजर ठेवायची त्यालाच अहवाल द्यायचा! २०१२ मध्ये देशाच्या महालेखापरीक्षकांनी यावर बोट ठेवले, २०१३ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनेही तेच सांगितले. नवे स्वतंत्र प्राधिकरण करण्याचे विधेयक २०११ मध्ये मांडले गेले, पण २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच तेही बारगळले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा मंजूर केला आणि त्यात या मंडळाला कायद्याचा आधार मिळाला. ही चांगली गोष्ट आहे. आता त्या आधारावर मंडळ किती ताठ उभे राहते, ते पुढच्या वर्षांत दिसेल.

लोकांना न विचारल्यावर काय होते, त्याचेही उदाहरण शेजारी राज्यात आहे. कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९८० च्या दशकात खोलवर एक प्रयोग झाला होता. खडक तापला तर कसा वागतो, ते पाहिले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये अणुकचरा त्या खाणीत आणणार अशी बातमी पसरली आणि कोलारची माणसे रस्त्यावर आली. असा बेत नाही, असे सरकारला घाईने सांगावे लागले. बेत होता की नव्हता हा वाद बाजूला ठेवा. लोकांना आधी कोणी काही सांगितलेच नव्हते, म्हणून नंतर सांगितलेल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

मेंढ्याची रीत

स्वतंत्र सल्ला म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला फार लांब जायला नको. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. देवाजी तोफा तिथले. त्या गावाने एक साधी रीत पाडली. अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही बसू शकतो. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र तिथे बसत, माहिती देत, वाद घालत. पण निर्णय अभ्यासगट करीत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वांच्या सहमतीने. एकाचेही मन वळले नाही तर थांबायचे, पुन्हा बोलायचे.

सल्ला देणारा आणि ठरवणारा यांच्यामध्ये असा बांध घातलेला असतो, म्हणून दोघेही मोकळेपणाने बोलतात. इंग्लंडातल्या समितीला जे वर्षानुवर्षे धडपडून जमवावे लागले, त्याची रीत मेंढ्याच्या लोकांनी झाडाखाली बसून बसवली.

प्रमुखाला विचारायचे पाच प्रश्न

तेव्हा राख अणुभट्टीची असो, औषधाची असो की एखाद्या कारखान्याची, सल्लागार म्हणून कोणी गावात आले तर त्याच्या प्रमुखाला पुढील प्रश्न अवश्य विचारा.

१. पोती कोणाची आहेत, आणि तुमचा पगार कोण देतो? दोन्हींचे उत्तर एकच असेल तर सावध व्हा.

२. दुसरे कोणकोणते पर्याय पाहिले? का सोडले? एकच पर्याय घेऊन आलेला माणूस सल्ला देत नाही, हुकूम आणतो.

३. तुमच्यात कोणाचे मत वेगळे होते? ते कुठे लिहिले आहे? सगळ्यांचे एकमत झाले असे तो फार झटपट सांगू लागला, तर मतभेद दडपला आहे असे समजा.

४. आम्ही नाही म्हटले तर काय होईल? आणि ते कागदावर आहे का?

५. वही कोण ठेवणार? तुमच्यानंतर ती कोणाच्या हाती जाईल? पन्नास वर्षांनी आमच्या नातवाने विचारले तर कोणते दार ठोठवायचे?

प्रश्न विचारणे म्हणजे विरोध नव्हे. राख कुठेतरी ठेवावीच लागणार आहे. ती आहे, आणि आपल्या सोयीतूनच झाली आहे. ‘आमच्याकडे नको’ एवढे म्हणून ती नाहीशी होत नाही. सगळ्यांनी तसे म्हटले, तर ती ज्याला बोलता येत नाही त्याच्या दारात जाऊन पडते. म्हणून सल्ला ऐकावा, शास्त्र समजून घ्यावे, पण सल्ला देणाऱ्यालाही चाळणीतून काढावे.

शेवटी माझ्या त्या सहा पोत्यांविषयी. जागा सापडली नाही तेव्हा मी गावाच्या ग्रामसभेत उभा राहिलो आणि झाले ते सांगितले. हातपंपाच्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. त्यात काही निघाले नाही. तरी मी दर उन्हाळ्यात नमुना पाठवतो, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून घेतो. मी निवृत्त झाल्यावर हे काम कोणी करायचे, तेही त्याच पानावर लिहिले आहे.

त्या सभेत एका बाईने मला विचारले होते, “साहेब, एवढी वर्षं का नाही सांगितलं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. कोणी विचारले नव्हते म्हणून सांगितले नाही, हेच खरे. म्हणून तुम्हांला विनंती, की तुम्ही विचारा.